भंगार कुणी ठरवायचं?

"पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात घालायची, असा कायदाच आलाय म्हणे." हे वाक्य मी पारावर ऐकलंय, साखर कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून बसलेल्यांच्या तोंडून ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. शिकल्या-सवरल्या पोरांकडून तर रोज ऐकतो. सगळे 'म्हणे' म्हणतात. कायदा वाचलेला त्यात एकही नसतो. या एका 'म्हणे'पायी आमच्या तालुक्यात किती चांगल्या गाड्या, जीपा, मोटारसायकली किलोवर गेल्या त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. माझं ह्या 'म्हणे'शी भांडण आहे. मी दहावी शिकलेला ऊसवाला माणूस. पण भांडायचं तर कागद वाचून भांडावं, एवढं मला कळतं. म्हणून आधी कागदाचं सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत दाखवायची, तपासणी करून घ्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, की पुढची ५ वर्षं नोंदणी वाढवून मिळते. त्यानंतर परत ५. गाडी तपासणीत बसली पाहिजे, एवढीच अट. ही फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती एकदम ५००० झाली. फी वाढवली हे खरं, पण 'गाडी मोडा' असं कुठं लिहिलेलं नाही. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षं हा हिशोब दिल्लीचा. तिथली हवा बिघडली म्हणून न्यायालयाच्या आदेशानं तो दिल्ली परिसरात आला. दिल्लीचा दमा आणि आमच्या पंचगंगेकाठच्या गाडीला काढा, असा हा प्रकार चाललाय.

आणि ह्या अफवेवर पोट भरणारे आहेत. शेजारच्या गावात एक बाई. नवरा वारला, त्याची जीप गोठ्याशेजारी उभी. एक जण आला, म्हणाला, "वहिनी, पोलीस दंड करतील, गाडी जप्त होईल, त्यापेक्षा मी न्हेतो." किलोच्या भावानं जीप नेली. ती जीप पुढं दुसऱ्या तालुक्यात नव्या रंगात फिरताना लोकांनी बघितली. वहिनींच्या हातात कागद काय? काही नाही. नियमाप्रमाणं गाडी मोडायची तर ती सरकारमान्य केंद्रात मोडावी लागते, तिथं तसं प्रमाणपत्र मिळतं, आणि त्यावर आरटीओतली नोंद रद्द होते. दारावर आलेला भंगारवाला असलं काही देत नाही. उद्या त्या नंबरच्या गाडीनं कुणाला उडवलं तर नोटीस मेलेल्या माणसाच्या नावानं त्या बाईच्या दारात येणार. हे तिला कुणी सांगितलं नाही. 'म्हणे' सांगणारे मात्र दहा होते.

आता माझ्या गाडीबद्दल. माझ्याकडं १९८५ सालची मारुती ८०० आहे. पहिल्या आकाराची, पेटीसारखी. तिला जपानी म्हणायचं का देशी, यावर आमच्या पारावर वाद होतो. माझं उत्तर असं की आई जपानची, माहेरपण इथलं. जपानात हमामात्सु नावाच्या गावी १९०९ साली मिचिओ सुझुकी नावाच्या माणसानं हातमाग बनवायचा कारखाना काढला. मागवाले पुढं मोटारसायकलीकडं वळले आणि १९५५ मध्ये त्यांनी पहिली छोटी मोटार काढली. युद्धानंतरच्या जपानात पैसा कमी, रस्ते अरुंद. म्हणून तिथं कमी पत्र्याच्या, लहान इंजिनाच्या मोटारींची वेगळी जातच तयार झाली. त्या जातीतली मोटार थोडं मोठं, ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन घेऊन आपल्याकडं आली. १९८२ मध्ये करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. सुरुवातीच्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून यायचे आणि गुडगावात जोडले जायचे. तोवर आमच्या भागात मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसेडर नाहीतर फियाट. मालक आमदार, सावकार, नाहीतर कारखान्याचा चेअरमन.

माझी गाडी मूळची तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरांची. रात्री-अपरात्री वाड्या-वस्त्यांवर जायला ती वापरली गेली. डॉक्टर गेले, पोरं पुण्याला. गाडी अकरा वर्षं चिंचेखाली उभी. वरून चिंचेचा पाला, आत उंदरांचं बिऱ्हाड, चारी टायर जमिनीला चिकटलेले. भंगारवाल्यानं १४ हजार सांगितले होते. मी २० हजार देतो म्हणालो, तर डॉक्टरांचा थोरला मुलगा माझ्याकडं दया आल्यासारखा बघायला लागला. घरी आमचा पोरगा म्हणाला, "आबा, वीस हजारात चांगली म्हस बी येत नाही हे खरं, पण म्हस दूध तरी देती."

दूध देती, मान्य. पण घेताना मी डोळे झाकून घेतली नाही. ज्यांना अशी गाडी घ्यायची त्यांच्यासाठी सांगतो, कारण शहरातले हौशी लोक इथंच फसतात. ते आधी बॉनेट उघडतात. इंजिन शेवटी बघायचं. आधी पायाखालची मॅट उचलायची आणि टोच्यानं पत्रा टोचून बघायचा. टोच्या आरपार गेला तर किती जागी गेला ते मोजायचं. मग दाराखालचा पट्टा, चाकावरच्या कमानी, पुढचे शॉकअबसॉर्बर जिथं बॉडीला धरतात ती जागा, डिकीचा तळ. ह्या गाडीला ट्रकासारखी वेगळी चासी नसते. पत्रा हीच तिची हाडं, हाडं कुजली तर रंगाला अर्थ नाही. त्यानंतर चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी पुस्तकाशी ताडून बघायचे. सगळ्यात शेवटी इंजिन. कारण इंजिन मिळतं, पत्रा मिळत नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं, पण त्याच ७९६ सीसी घराण्याचं इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत चाललं. रिंगा, बेअरिंगा, गॅस्केट आजही तालुक्याला मिळतात.

कागदाचंही तसंच. मालक वारलेला असेल तर गाडी आधी ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाच्या नावावर चढते, मग २९ आणि ३० वर आपल्या नावावर होते, आणि नोंदणी वाढवायला २५ नंबर. हे सगळं होईस्तोवर एजंट लोक तीन वेळा म्हणाले, "काका, कशाला त्रास घेताय, मोडून टाका." ज्या माणसाला काम करायचे पैसे मिळतात तोच काम नको म्हणतो, असा हा काळ आहे.

गाडी ट्रॉलीत घालून आणली. आमचे मिस्त्री माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्यांनी पहिली ताकीद दिली, "बॅटरी लावून सेल मारायचा न्हाई." अकरा वर्षं बंद इंजिनाला एकदम सेल मारला तर चिकटलेल्या रिंगा सिलिंडरला ओरखडे पाडतात, आणि जुना टायमिंग बेल्ट तुटायची भीती असते. तिन्ही प्लग काढून त्यांनी आत ऑइल आणि डिझेल सोडलं. आठ दिवस रोज थोडं थोडं. नवव्या दिवशी क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं बोटभर फिरवलं, मागं घेतलं, परत फिरवलं. जमीन पहिल्या नांगरटीला जशी अडते आणि मग सुटते, तसं ते सुटलं. मग इंजिन उतरवून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेलं. शेतीची ऑइल इंजिनं घडवणारी ती पेठ. तिथल्या लेथवाल्यानं हेड घासून दिलं, वॉल्व्ह बसवून दिले. पेट्रोलची टाकी काढली तर आतून तांबेरा पडल्यासारखी गंजलेली. साफ करून घेतली. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, सगळे पाइप नवे घातले, कारण गाडी सुरू नाही झाली तर पैसे जातात, पण थांबली नाही तर माणूस जातो. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते नव्यानं ओढलं. मागच्या दिव्याची काच पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली. पत्रेवाल्यानं कुजलेला तळ कापून नवा पत्रा जोडला. नुसती लांबी भरून वरून रंग मारला असता तर निम्म्या पैशात काम झालं असतं, आणि दुसऱ्या पावसात फुगून आलं असतं.

सात महिने लागले. हिशोब वहीत आहे, तसाच देतो. गाडी २० हजार. पत्रा आणि रंग ४६ हजार. इंजिन-गिअरबॉक्स ३१ हजार. ब्रेक, शॉकअबसॉर्बर, टायर २४ हजार. वायरिंग, काचा, रबर, सीट १५ हजार. कागद ९ हजार. एकूण १ लाख ४५ हजार. लोक म्हणतात, एवढ्यात सेकंडहँड नवी आली असती. आली असती की! पण ह्या पैशातला मोठा भाग मजुरी होती. ती मिस्त्रीच्या घरी गेली, पत्रेवाल्याच्या घरी गेली, लेथवाल्याकडं, सीट शिवणाऱ्याकडं गेली. सगळे दोन तालुक्यांतले. तोच पैसा हप्त्याच्या रूपानं बँकेत गेला असता तर ह्यातल्या एकाच्याही चुलीवर तवा चढला नसता. 'जुन्यावर पैसे घालणं म्हणजे पैसे पाण्यात' म्हणणाऱ्यांनी हे पाणी कुठल्या शेतात जातं ते एकदा बघावं.

आता सरकारच्या एका गमतीकडं येतो. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूप न बदललेली गाडी असेल तर तिला मानाचा वेगळा नंबर, त्यात 'व्हीए' अक्षरं. चांगली गोष्ट आहे. पण ही मानाची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली असल्या कामापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे माझी गाडी २०३५ साली देशाचा वारसा होणार. आणि तोवर? तोवर ती 'जुनी, धूर सोडणारी, जास्त फीची'. वारसा व्हायच्या आधी तिला मोडून टाका म्हणणारेच उद्या वारसा शोधत फिरणार. पन्नाशी गाठेपर्यंत जगवायचं कुणी? त्यासाठी नियम कुठाय? म्हाताऱ्याला जिवंतपणी भाकरी द्यायची नाही आणि तेराव्याला गाव जेवण घालायचं, ही आपली जुनीच रीत. ती आता मोटारींनाही लागू झाली.

त्या पहिल्या गाडीचंच बघा. हरपाल सिंग यांनी ती आयुष्यभर विकली नाही. ते २०१० मध्ये गेले, आणि देशातली पहिली मारुती दिल्लीत घराबाहेर गंजत उभी राहिली. पुढं कंपनीनं ती नीट करून आपल्याकडं मांडून ठेवली, हे बरंच केलं. पण किल्ली खुद्द पंतप्रधानांच्या हातून मिळालेल्या गाडीची ही गत, तर डॉक्टरांच्या गाडीला कोण विचारतो?

शहरातल्या हौशी मंडळींनाही माझं एक सांगणं आहे. तुमच्यातले काही जण अशा गाड्या घेतात, आरशासारख्या करतात, आणि झाकून ठेवतात. वर्षातून एकदा बाहेर काढून फोटो. गाडी वापरायची नसेल तर तिचं ब्रेक-ऑइल बसून खराब होतं, रबरं कडक होतात, पेट्रोल कुजतं. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, हे बैलाला खुट्ट्याला बांधून ठेवणारा कुठलाही शेतकरी सांगेल. माझी गाडी आठवड्यातून दोनदा बाजाराला आणि दवाखान्याला जाते. तिच्या दारावर ओरखडे आहेत. मला त्याची लाज नाही.

विरोधी बोलणाऱ्यांचं दोन ठिकाणी खरं आहे, ते मी लपवत नाही. पहिलं धुराचं. कार्ब्युरेटरची गाडी नव्या गाडीइतकी स्वच्छ असूच शकत नाही. पण हिशोब पुरा करा. माझी गाडी महिन्याला दोन-अडीचशे किलोमीटर फिरते. दिवसरात्र धावणारं वाहन आणि हे, दोन्ही जन्मतारखेवर एकाच दावणीला का बांधता? आणि नवी गाडी हवेतून पडत नाही. तिचं लोखंड भट्टीतच वितळतं, तिथंही कोळसा जळतो. धूर मोजायचं यंत्र आहे ना? मग धूर मोजा. नापास झाली तर उभी करा, मी स्वतः चावी काढून देईन. दुसरं सुरक्षेचं. हिच्यात हवेच्या पिशव्या नाहीत, पत्रा पातळ. म्हणून मी नवे पट्टे बसवलेत, हायवेला जात नाही, पन्नासच्या वर पळवत नाही. नातवाला शिकवायला मी ही गाडी देणार नाही, हेही सांगून टाकतो.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही, ती मी बोलतो, कारण ती माझ्याच शेतातून निघते. माझा ऊस कारखान्यात जातो, कारखाना इथेनॉल करतो, ते इथेनॉल पेट्रोलमध्ये पडतं, आणि आता पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी उभी राहिली की टाकी गंजते, जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं त्याला टिकत नाहीत. मी इथेनॉलच्या विरोधात नाही, माझं बिल त्यावर निघतं. नळ्या आणि गॅस्केटं बदलून घेतली की भागतं. पण हे जुन्या गाडीवाल्याला सांगायला नको? पंपावर एक पाटी लावायला काय जातं? गाडी बंद पडली की मालक म्हणतो 'जुनी झाली', आणि परत भंगारवाल्याचा फोन नंबर शोधला जातो.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र आपल्याच लोकांविषयी आहे. गावात कुणी लग्नासाठी कर्ज काढून पंधरा-वीस लाखांची गाडी आणली तर गाव पेढे खातं. हप्ते थकून ती गाडी ओढून नेली तर हळहळतं. आणि कुणी दीड लाखात जुनी गाडी नीट केली तर म्हणतं, 'म्हाताऱ्याला खूळ लागलं.' दुरुस्तीची लाज आपल्याला कधीपासून वाटायला लागली? आपल्या बापजाद्यांनी मोटेची चामडी ठिगळं लावून वापरली. विहिरीवरचं इंजिन तीन पिढ्या चाललं. दुरुस्ती ही गरिबीची खूण नव्हती, ती अक्कल होती. जपानातही १३ वर्षांनंतर जुन्या मोटारीवर जास्त कर पडतो आणि तिथले लोक गाड्या लवकर बदलतात. पण त्यांनी टाकलेल्या गाड्या बोटीनं आफ्रिकेत, पाकिस्तानात जातात आणि तिथं पुढं वर्षानुवर्षं चालतात. म्हणजे ती गाडी भंगार झालेली नव्हती. मालकाला नको झालेली होती. ह्या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो पुसून टाकण्यावर आजचा सगळा बाजार उभा आहे.

आमच्या मिस्त्रींच्या मुलानं गॅरेज घेतलं नाही. तो एका शोरूममध्ये आहे. तिथं भाग दुरुस्त करत नाहीत, अख्खी असेंब्ली काढून नवी बसवतात. मिस्त्री कानानं सांगतात की तीनातला कुठला सिलिंडर मार खातोय. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. जुन्या गाड्या भंगारात गेल्या की त्या ज्ञानाला गिऱ्हाईक उरत नाही, आणि गिऱ्हाईक नसलेली विद्या एका पिढीत मरते. एकदा मेली की मग तुमची नवी गाडी, तुमचा ट्रॅक्टर, तुमचा पंप, सगळंच 'बदला' एवढाच एक इलाज राहील. बिल तुम्ही भरणार.

म्हणून माझी मागणी साधी आहे. गाडीचं वय बघू नका, हालत बघा. धूर, ब्रेक, दिवे, पत्रा, चारही तपासा आणि कडक तपासा. तपासणीची सोय तालुक्याला करा. जी गाडी पास होते तिच्या मालकाला फीच्या नावाखाली शिक्षा करू नका. आयटीआयत पोरांना असेंब्ली बदलायला शिकवता तसं दुरुस्त करायलाही शिकवा, आणि त्यासाठी म्हाताऱ्या मिस्त्र्यांना मानधन देऊन वर्गात बोलवा.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या गोठ्यामागं, चिंचेखाली, पुण्यातल्या सोसायटीच्या कोपऱ्यात एखादी गाडी उभी असेल, तर दारावर आलेल्या माणसाचं 'म्हणे' ऐकून ती देऊ नका. आधी आरसी पुस्तक शोधा. मग मॅट उचला आणि टोच्या घ्या. तळ खरंच गेला असेल तर रीतसर मोडा आणि प्रमाणपत्र घ्या, त्यात कमीपणा काही नाही. तळ शाबूत असेल तर जवळच्या मिस्त्रीला बोलवा. तो अजून आहे तोवरच बोलवा.